आधी एक साल बागेत, मग लागवड

(नांदगाव पेठ येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला फळबाग लागवडीवर बोलायला सांगितले आहे. खड्डा किती फुटांचा घ्यावा, कलमे कोठून आणावीत, खताची मात्रा किती द्यावी ही माहिती आपल्याला पत्रिकेतून, आकाशवाणीवरून आणि कृषि विज्ञान केंद्रातून मिळते. त्यामुळे ती मी पुन्हा सांगणार नाही. मी आज आपल्याकडे एक वर्ष मागणार आहे. ते पैशाचे नाही, जमिनीचेही नाही, हाताचे आहे.

मी याच गावच्या शाळेत शिकलो. इथे बसलेल्या अनेकांना मी काका आणि दादा म्हणतो. त्यामुळे दोन गोष्टी स्पष्ट बोललो तर राग मानू नये.

आमच्या महाविद्यालयात तरुण शेतकरी येतात आणि विचारतात, "सर, आपल्याकडे द्राक्ष येईल का?" मी त्यांना उलट विचारतो, "तुम्ही द्राक्षाची बाग कोणकोणत्या महिन्यात पाहिली?" बहुतेकांचे उत्तर एकच असते. फेब्रुवारीत सहल गेली होती, तेव्हा पाहिली. फेब्रुवारीत नाशिककडे बाग पाहणाऱ्या माणसाला भूल पडतेच. मांडवाखाली घडांचे झुंबर लटकलेले असते, क्रेट भरून गाडीत चढत असतात, व्यापारी बांधावर उभा असतो. त्या दिवशी बागेत खर्च दिसत नाही, फक्त माल दिसतो.

आपल्या भागातील एका शेतकऱ्याची हकिगत सांगतो. नाव घेत नाही. त्यांनी अशाच एका सहलीनंतर एकरभर द्राक्ष लावले. मांडवासाठी कर्ज काढले. मेहनती माणूस, वेल उत्तम वाढले, पाने हिरवीगार. ऑक्टोबरमध्ये छाटणी केली, डोळे फुटले, पण फुटीवर घडच नव्हते. जे दिसले तेही चार दिवसांत जिरून त्यांच्या बाळ्या झाल्या. त्यांनी दुकानातून आणून जे मिळेल ते फवारले. दुसऱ्या वर्षीही तेच झाले. तिसऱ्या वर्षी त्यांनी वेल उपटले. मांडवाचे कर्ज मात्र राहिले, आणि ते आजही तुरीच्या व सोयाबीनच्या पैशातून फेडत आहेत. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, म्या तं फेब्रुवारीतच पाह्यली ना बाग. घडच घड लोंबत होते. बाकीचे अकरा महिने कोणं पाह्यले?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आजचे माझे सर्व बोलणे या बाकीच्या अकरा महिन्यांबद्दल आहे.

श्रमदान आपल्याला नवे नाही

दुसऱ्याच्या शेतात मजुरी न घेता हात लावणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. इर्जिक म्हणा, सावड म्हणा, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या वावरात, ही रीत आपल्या आजोबांनी पाळली. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो याच मुलखातून. नागपूर रस्त्याने पुढे गेले की गुरुकुंज मोझरी लागते. तेथे १९३५ साली आश्रम उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी श्रमदानाला प्रार्थनेइतकेच महत्त्व दिले. अलीकडे, २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा राज्यातील तीनच तालुके निवडले होते, आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातील वरूड होता. भर उन्हात माणसांनी सलग समतल चर खोदले.

परदेशातही ही रीत आहे. इंग्लंडमध्ये १९७१ साली शहरातील माणसांनी सुटीत सेंद्रिय शेतावर काम करायचे आणि शेतकऱ्याने त्यांना जेवणखाण व निवारा द्यायचा, अशी एक चळवळ सुरू झाली. पुढे ती अनेक देशांत पसरली. त्यात द्राक्षमळेही आहेत.

आपल्या आजच्या गरजेपुरता मी या श्रमदानाचा एकच अर्थ घेतो. जे पीक आपल्याला लावायचे आहे, त्या पिकाच्या जाणत्या बागायतदाराकडे वर्षभर, हंगामाच्या प्रत्येक टप्प्याला दोन-चार दिवस जाऊन, पैसे न घेता काम करायचे. त्याला आपल्या हातांचा थोडा उपयोग होतो, आपल्याला त्याच्या डोळ्यांचा होतो.

मी स्वतः पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर निफाड तालुक्यातील एका बागेत असे एक वर्ष काढले. बडनेऱ्याला रात्रीच्या गाडीत बसायचे, सकाळी नाशिककडे उतरायचे, तीन दिवस काम करून परत यायचे. खिशात पदवी होती. हाताला मात्र काही येत नव्हते. त्या वर्षात काय पाहिले ते आता क्रमाने सांगतो.

एप्रिल : खरड छाटणी

महाराष्ट्रात द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि पीक एकदाच घेतात. थंड देशांत वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून ही दुहेरी छाटणी करावी लागते. माल निघाल्यावर वेलीला थोडी विश्रांती देऊन साधारणतः एप्रिलमध्ये पहिली छाटणी करतात. ओलांड्यावरील काड्या एक डोळा राखून खरडून काढतात, म्हणून तिला खरड छाटणी म्हणतात. छाटणीनंतर बाग पाहिली तर वाटते की वेल मेले. वर नुसत्या तारा आणि खाली उन्हाने तापलेली जमीन. सहल कधी या दिवसांत जात नाही.

या महिन्यात मी कात्री धरायला शिकलो. पहिल्या दिवशी हाताला फोड आले. पण जे शिकलो ते कात्रीपेक्षा पाण्याबद्दल होते. या कोवळ्या फुटींना एप्रिल-मे महिन्यांत पाणी लागतेच. ज्यांच्या विहिरी मार्चअखेर तळ गाठतात त्यांनी द्राक्षाचा विचार येथेच थांबवावा. आपल्या वऱ्हाडात पारा ४५ अंशांवर जातो हेही ध्यानात घ्यावे.

मे-जून : डोळ्यात घड ठरतो

आता मी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत जो घड आपण पाहतो, तो खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या टप्प्यात काडीच्या डोळ्यात तयार होतो. यालाच सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. त्या डोळ्याला त्या दिवसांत भरपूर उजेड मिळाला, वेलीला पाणी व नत्र बेताचे मिळाले आणि वाढ आवरली गेली, तर डोळ्यात घड धरतो. पानांची गर्दी झाली, युरिया आणि पाणी सढळ हाताने दिले, तर वेल माजतो आणि डोळा वांझ राहतो. मग ऑक्टोबरमध्ये काहीही फवारा, जो घड डोळ्यात नाही तो बाहेर कोठून येणार?

आपल्या त्या शेतकऱ्याची चूक ही होती. त्यांची बाग काळ्या भारी जमिनीत होती. मे महिन्यात त्यांनी कपाशीला द्यावे तसे पाणी आणि खत दिले. वेल हिरवेगार दिसले म्हणून ते समाधानी होते.

निफाडला मे महिन्यात मला जादा फुटी काढण्याचे काम दिले. प्रत्येक वेलीवर ठराविकच काड्या ठेवायच्या होत्या. माझ्या डोक्यात पुस्तक होते : पाने जास्त तर अन्न जास्त. माझा हात कचरला आणि मी प्रत्येक वेलीवर दोन-तीन फुटी जास्त ठेवत गेलो. बागायतदार मागून आले. माझ्या ओळीतील फुटी त्यांनी स्वतः काढल्या आणि म्हणाले, "मास्तर, इथं दया करू नका. आज दया केली तर ऑक्टोबरात मला रडावं लागेल." पुढे सात पानांवर शेंडा खुडून उपकाडी, म्हणजे बागेत जिला सबकेन म्हणतात ती, कशी घ्यायची हे त्यांनी मला बोटाने दाखवले. पुस्तकातील आकृती मी दहा वेळा पाहिली होती. तरी कोणते पान सातवे धरायचे हे वेलीसमोर उभे राहिल्यावरच कळले.

याच काळातील आणखी एक गोष्ट. वाढ आवरण्यासाठी बागायतदार सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे संजीवक वापरत. २०१० साली आपल्या द्राक्षांत त्याचे अंश युरोपने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातदार व बागायतदार दोघेही अडचणीत आले. मे-जूनमध्ये वेलीवर केलेली फवारणी पुढच्या वर्षी परदेशातील बंदरावर उघडी पडली. द्राक्षात चूक एका महिन्यात होते आणि दिसते आठ-दहा महिन्यांनी. म्हणून एक दिवस बाग पाहून द्राक्ष कळत नाही.

जुलै ते सप्टेंबर : पावसाळ्याची राखण

पावसाळ्यात काड्या पक्व होतात. हिरवी काडी तपकिरी होत जाते. त्याच वेळी केवडा आणि करपा पानांवर उतरतात. रोज सकाळी पान उलटून पाहणे हे या महिन्यांतील काम. ते मजुरावर सोडता येत नाही. पाने गळाली तर काडीत अन्नसाठा होत नाही आणि डोळ्यात धरलेला घडही कमजोर राहतो. मी जुलैत गेलो तेव्हा मला दोन दिवस फक्त पाने उलटायला लावले. काम हलके वाटले. तिसऱ्या दिवशी एका पानाच्या मागे पांढरी लव दिसली आणि वर तेलकट डाग. बागायतदारांनी त्याच दिवशी फवारणीचा निर्णय घेतला.

सप्टेंबरमध्ये जाणते बागायतदार काडीचे नमुने प्रयोगशाळेत नेतात. तेथे डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड पाहतात. घड कितव्या डोळ्यात आहे हे कळल्यावर काडी किती डोळ्यांवर कापायची ते ठरते. ही तपासणी न करता शेजाऱ्याचे पाहून कापणारे अनेकदा घडासह काडी कापून टाकतात.

ऑक्टोबर : गोडी छाटणी

ही फळछाटणी. ऑक्टोबरच्या आगेमागे करतात. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. येथे थोडे थांबून सावध करतो. हे औषध कातडीला इजा करते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय त्याला हात लावू नये. दुसरे म्हणजे, या औषधाशी संबंध आलेल्या माणसाने त्या दिवशी आणि त्याच्या आगेमागे दारूला मुळीच शिवू नये. पोटात दारू असेल तर छातीत धडधड, लाली, उलट्या, चक्कर असा गंभीर त्रास होतो. श्रमदानाला जाणाऱ्या नवख्या माणसाने हे काम करूच नये, बाजूला उभे राहून पाहावे.

डोळे फुटल्यावर पोंगा अवस्थेपासून पुढचा महिना-सव्वा महिना बागायतदाराला झोप नसते. पाऊस आला किंवा पहाटे धुके धरले तर केवडा थेट कोवळ्या घडावर येतो. त्या वर्षी नोव्हेंबरात एका रात्री आभाळ गडगडले. सबंध घर उठून बसले. पहाटे चार वाजता फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर निघाला. त्या रात्री मी मनात हिशेब केला की हे असे जागरण आपल्याला झेपेल का? हा प्रश्न लागवडीच्या अंदाजपत्रकात कोठेही लिहिलेला नसतो.

आता आपल्या भागापुरता एक मुद्दा. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे सोयाबीनची कापणी आणि मळणी चालू असते. लगेच कपाशीची वेचणी सुरू होते. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर भाव सांगतो. गावाला लागून एम.आय.डी.सी. आहे, तरुण मुले तिकडे पाळीवर जातात. ज्या आठवड्यात सोयाबीनला दहा हात हवेत, त्याच आठवड्यात द्राक्षालाही हवेत. सोयाबीन चार दिवस थांबेल कदाचित, फुटलेला डोळा थांबत नाही. हा तिढा मला कागदावर कधी दिसला नव्हता. निफाडच्या बागेत ऑक्टोबरमध्ये कात्री हातात असताना घरून फोन आला की मळणीला माणूस नाही, तेव्हा तो दिसला.

डिसेंबर-जानेवारी : विरळणीचे हात

घड फुलोऱ्यातून बाहेर आल्यावर मणी धरतात. मग जी.ए.च्या द्रावणात घड बुडवतात, त्याला बागेत डिपिंग म्हणतात. नंतर येते विरळणी. घडातील जादा मणी आणि पाकळ्या लहान कात्रीने काढतात, म्हणजे उरलेले मणी मोठे होतात आणि एकमेकांना दाबत नाहीत. एकेक घड हातात धरून हे काम करावे लागते.

नाशिक भागात या कामाला पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून स्त्रिया आणि पुरुष टोळीने येतात. मी ज्या मावशींच्या शेजारी उभा होतो त्यांनी माझे गाव विचारले. मी नांदगाव पेठ म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही पण पेठचेच की!" माझे दोन घड होईपर्यंत त्यांचे सात-आठ होत. मी मणी मोजत होतो. त्या म्हणाल्या, "मोजत नका बसू. घड हाताव घ्या, बोटं आत जातात का बघा. बोट अडलं तिथं कापा." ही कसोटी मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती. आज मी विद्यार्थ्यांना विरळणी शिकवतो ती याच पद्धतीने.

येथे मला एक चूकही कळली. ही टोळी उक्ते काम घेते. जेवढ्या ओळी पुऱ्या होतील तेवढे पैसे. माझ्या मंद हातामुळे त्यांची ओळ रेंगाळत होती. दुपारी मुकादमाने मला बाजूला घेऊन सांगितले, तेव्हा मी शरमलो. दुसऱ्या दिवसापासून मी बागायतदाराकडून वेगळी अर्धी ओळ मागून घेतली. आपण शिकायला जातो, कोणाची मजुरी कापायला नव्हे. हे श्रमदान करणाऱ्याने कायम लक्षात ठेवावे.

फेब्रुवारी-मार्च : काढणी

छाटणीपासून साधारण चार ते साडेचार महिन्यांनी घड काढणीला येतो. गोडी १६ ते १८ अंश ब्रिक्सपर्यंत गेली की माल तयार समजतात. घड सकाळच्या गारव्यात काढतात आणि देठाला धरून उचलतात. मण्यावरील पांढरट लव बोटाने पुसली गेली तर माल शिळा दिसतो आणि भाव उतरतो. मला पहिल्या दिवशी फक्त रिकामे क्रेट वाहायला दिले. घडाला हात लावायची परवानगी दुसऱ्या दिवशी मिळाली.

याच दिवसांत गारपीटही होते. २०१४ साली फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये राज्यभर झालेली गारपीट आपण विसरलेलो नाही. आपला हरभरा आणि संत्राही तिने झोडपला होता. द्राक्षात वर्षभराचा खर्च त्या वेळी वेलीवर लटकलेला असतो, म्हणून घाव जास्त लागतो.

पाहणाऱ्या डोळ्यांची किंमत

नेहमी बागेत राहिल्याने काय होते याची दोन उदाहरणे आपल्या राज्यातच आहेत. तास-ए-गणेश ही जात सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आणि सोनाका ही जात सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून निवडली. हे दोघेही शेतकरी. हजारो घडांत एका काडीवरचा घड वेगळा आहे हे त्यांच्या डोळ्यांनी टिपले. वर्षातून एकदा बागेत जाणाऱ्याला तो वेगळा घड दिसला नसता.

श्रमदानाला जाताना पाळायचे नियम

१. आधी विचारून जावे. ओळख नसेल तर महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्राला जावे. १९६० साली स्थापन झालेला हा संघ छाटणीच्या हंगामांत चर्चासत्रे घेतो. तेथे बागायतदार भेटतात. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे, तेथेही मार्गदर्शन मिळते.

२. मजुरी घेऊ नये, परंतु मजुराची जागाही घेऊ नये. वेगळी ओळ मागून घ्यावी. जेवण, झोपण्याची सोय आणि कामाचे तास आधीच बोलून ठेवावेत. संकोचाने गप्प राहिले की दोघांचाही गैरसमज होतो.

३. फवारणीच्या वेळी आणि फवारणीनंतर लगेच बागेत जाऊ नये. नवख्याने औषध हाताळू नये.

४. आपली कात्री नेल्यास ती निर्जंतुक करून वापरावी. एका बागेची माती बुटाला लावून दुसऱ्या बागेत नेऊ नये. परवानगीशिवाय काडी किंवा कलम आणू नये. पिठ्या ढेकूण आणि सूत्रकृमी असेच प्रवास करतात.

५. रोज रात्री वहीत चार गोष्टी लिहाव्यात : आज कोणते काम झाले, किती माणसे लागली, किती पाणी दिले, काय खर्च झाला. वर्षअखेर ही वही आपल्या जमिनीच्या, विहिरीच्या आणि घरातील माणसांच्या हिशेबाशी जुळवून पाहावी. जुळली तर लागवड करावी. नाही जुळली तर गाडीभाडे आणि काही दिवस एवढेच गेले, मांडवाचे कर्ज वाचले.

नाशिक दूर असेल तर

कोणी म्हणेल, सर, आम्हाला द्राक्ष लावायचेच नाही. ठीक आहे. आपले मुख्य फळ संत्रा. हीच रीत संत्र्यालाही लागू आहे. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर भागात जाणते बागायतदार आहेत. त्यांच्याकडे वर्षभर जावे. डिसेंबरमध्ये आंबिया बहाराचा ताण कसा धरतात, ताण पुरा झाला हे पानावरून कसे ओळखतात, हे झाडासमोर उभे राहून पाहावे. फेब्रुवारीत फुलोरा, उन्हाळ्यात लहान फळांची गळ, मे महिन्यात मृग बहाराचा ताण आणि पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डोमलम. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचून डिंक्या येतो तो पाहावा, ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील फळगळ पाहावी, पावसाळ्यानंतर पुन्हा बोर्डोमलम लावावा. काढणीनंतर सल काढण्याचे काम स्वतः करावे. वाळलेली फांदी हिरव्या भागापासून किती अंतर घेऊन कापतात हे दहा झाडे केल्यावर हाताला समजते.

आपल्याकडे संत्र्याच्या अनेक बागा डिंक्याने आणि पाण्याच्या चुकीने वाळल्या. त्यांतील बऱ्याच मालकांनी झाडे लावण्याआधी एकही पावसाळा दुसऱ्याच्या बागेत काढला नव्हता. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनीही मेळाव्यात लागवडीचे अंतर सांगितले, पण वर्षभर बागेत जाऊन राहा असे ठासून सांगितले नाही. ते आज सांगत आहे.

शेवटी एक विनंती

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदाराचे साल सुरू होते. साधारण त्याच सुमारास द्राक्षात खरड छाटणीचा हंगाम येतो. ज्या तरुणांच्या मनात नवी बाग लावायची आहे त्यांनी येत्या पाडव्याला असेच एक साल धरावे, मात्र जाणत्या बागायतदाराकडे आणि स्वतःच्या शिक्षणासाठी. मोठ्यांनी त्याला जाऊ द्यावे. "घरचं काम सोडून दुसऱ्याच्या बागेत फुकट राबतो" असे टोमणे मारू नयेत. टप्प्याटप्प्याने धरले तर वर्षात सारे पंधरा-वीस दिवस होतात. ऑक्टोबरमध्ये घरची मळणी अडते, म्हणून दोघा-तिघांनी मिळून जावे. एक गेला तर बाकीच्यांनी त्याची मळणी सावडीने काढून द्यावी, पुढच्या खेपेला दुसऱ्याने जावे, आणि वही सर्वांची एकच ठेवावी.

मेळावा संपल्यावर मी येथेच थांबणार आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी नाव, गाव आणि कोणत्या फळाची बाग पाहायची आहे एवढे सांगावे. पहिल्या खेपेला मी स्वतः बरोबर येईन. एप्रिलच्या उन्हात बाग उघडीबोडकी असेल, घड एकही दिसणार नाही. तरी चालावे, कारण पुढच्या फेब्रुवारीच्या घडाचे काम त्याच दिवसांत सुरू होते.